पाट्या चार लिप्यांच्या, वाचता येते एकच: सोलापूरकर, मदत करा

फ्लेक्सवाला (धागाकर्ता)

मंडळी, सोलापुरात माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका तेलुगूत येते, मठाच्या कार्यक्रमाचं बॅनर कन्नडमध्ये, उरुसाचं पोस्टर उर्दूत, आणि दादा-भाऊंच्या वाढदिवसाचे फ्लेक्स अर्थातच मराठीत. बोलायचं म्हणाल तर तेलुगू बऱ्यापैकी येतं, कन्नड कळतं, दखनी तर शाळेच्या मैदानावरच शिकलो. वाचता मात्र फक्त आपली बाळबोध, म्हणजे देवनागरी, येते. गिऱ्हाईक व्हॉट्सॅपवर मजकूर पाठवतं, मी तो उचलून चिकटवतो आणि प्रूफ दाखवताना जीव मुठीत धरून बसतो. एखादा काना उडाला तरी मला पत्ता लागणार नाही.

लिप्यंतर करून देणारी एक साइट सापडली होती. मराठीत नाव टाकायचं, तेलुगू अक्षरं मिळतात. गिऱ्हाईकानं वाचून दाखवलं तर 'सोलापूर'चं 'सोलापूरा' झालेलं.

तर प्रश्न असा: भाषा नीट न शिकता नुसती लिपी शिकता येते का, निदान प्रूफ तपासण्यापुरती? दुसरं, कन्नड आणि तेलुगू मला एकसारख्याच दिसतात. त्या वेगळ्या ओळखायच्या कशा? माझं मत विचाराल तर लिपी शिकणं हे भाषा शिकण्याच्या मानानं फार हलकं काम आहे, आपण उगाच बिचकतो. पटत नसेल तर झोडपा.

मी_नाही_त्यातली

झोडपायला पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. पॉपकॉर्न म्हणजे शेंगाचटणी आणि कडक भाकरी.

तलकट्टू

फ्लेक्सवाला, मी पूर्व भागातली, घरी तेलुगू. पण शाळा मराठी, त्यामुळे आमच्या घरात तेलुगू बोलणारे सगळे आणि वाचणारे फक्त आजोबा. आपल्याच भाषेतली पत्रिका दुसऱ्याकडून वाचून घ्यायची, अशी तऱ्हा. मी लिपी कॉलेजात असताना शिकले. भाषा आधीच तोंडात होती, त्यामुळे वेळ लागला नाही. तुमचंही तसंच होईल.

ओळखायची खूण अक्षराच्या डोक्यावर असते. तेलुगूत बहुतेक व्यंजनांच्या माथ्यावर मास्तरांनी 'बरोबर'ची खूण करावी तशी तिरकी टिकली असते. तिला तलकट्टू म्हणतात, माझा आयडी तोच. कन्नडमध्ये त्याच जागी आडवी रेघ असते, उजव्या टोकाला किंचित वळलेली. पाटी लांबून दिसली तरी एवढ्यावर ओळखता येते. खालचा गोलवा दोन्हीकडे बराचसा सारखाच, 'र' तर जवळपास जुळाच. कारण मुळात ही एकच लिपी होती. कदंबांच्या काळातल्या लिपीतून जुनी कन्नड-तेलुगू लिपी आली, तेराव्या ते पंधराव्या शतकाच्या सुमारास दोघी हळूहळू वेगळ्या झाल्या आणि छापखान्यांनी तो वेगळेपणा पक्का केला.

आता तुमचं 'सोलापूरा'. मराठीत आपण 'सोलापूर' लिहितो आणि शेवटचा 'अ' गिळून टाकतो. लिहिताना पूर्ण र, बोलताना र्. तेलुगू आणि कन्नड वाचणारा काही गिळत नाही. पूर्ण र दिसला की पूर्ण र म्हणणार. म्हणून मराठी-हिंदी नावं तेलुगूत लिहिताना शेवटच्या अक्षराला पाय मोडल्याची खूण द्यावी लागते. तिला आम्ही पोल्लु म्हणतो, ती डोक्यावर चढते. साइटनं अक्षराला अक्षर बदललं, खूण दिली नाही. प्रूफ बघताना आधी शब्दाचा शेवट तपासा, निम्म्या भानगडी तिथेच सापडतील.

फ्लेक्सवाला (धागाकर्ता)

अक्का, हे आजवर कुणीच सांगितलं नव्हतं! आता जुने जॉब उघडून शेवटची अक्षरं बघत बसलोय.

अक्कलकोटकर

मालक, क्लास-बिस लावू नका. हैदराबादकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीजवळ बसा. दुधनी सुटलं की कर्नाटक लागतं आणि स्टेशनच्या पाट्यांवर कन्नड येतं. एकच नाव कन्नडमध्ये, हिंदीत आणि इंग्रजीत, म्हणजे उत्तरासकट गणित.

गाणगापूर रोडची पाटी बघा. 'गाणगापूर'मध्ये 'गा' दोनदा येतो. कन्नड ओळीत पहिलं आणि तिसरं अक्षर हुबेहूब सारखं दिसेल, तोच 'गा'. मधला तो 'ण'. मग 'पु', मग 'र'. पुढे कलबुर्गीला कन्नडमध्ये क-ल-बु-र-गि अशी पाच अक्षरं येतात. त्यात 'र' आणि 'ग' तुमच्या ओळखीचे झालेले. ग-ला काना कसा लागतो ते आधी बघितलं, आता वेलांटी कशी लागते ते दिसलं. 'पु' आणि 'बु'चा उकार तोच. दोन स्टेशनांत सात व्यंजनं आणि तीन स्वरचिन्हं खिशात. वाडी, चित्तापूर, सेडम करत तांडूर आलं की तेलंगणा सुरू, तिथून हाच खेळ तेलुगूत.

थट्टा नाही, मोठमोठ्यांनी हेच केलंय. इजिप्तची चित्रलिपी शांपोल्यॉंनं १८२२ मध्ये उलगडली ती टॉलेमी, क्लिओपात्रा या नावांवरून. रोझेटाच्या शिळेवर एकच फर्मान तीन लिप्यांत होतं, नावं सगळीकडे तीच असणार हे धरून तो पुढे गेला. आपली ब्राह्मी जेम्स प्रिन्सेपनं १८३७ मध्ये वाचली. सांचीच्या स्तूपाभोवतीचे बरेचसे छोटे लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात हे त्याच्या लक्षात आलं. देवस्थानाला दिलेल्या वस्तूवर शेवटी काय लिहिलेलं असणार? 'दानं'. तिथून द आणि न हाताला लागले, आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा अशोक बोलायला लागला. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर 'अमुक यांजकडून सप्रेम भेट' कोरतात तसलाच प्रकार.

बोरू

अक्कलकोटकर, सुरेख लिहिलंत. गाडीत बसायचं नसेल तर त्याहून जवळचा धडा सांगतो. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या संगमेश्वराच्या देवळातला मराठी लेख शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८. सोलापूरचे शिलालेख अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. पहिला मराठी लेख कुठला यावर विद्वानांचे वाद चालूच राहतील, मला त्यात पडायचं नाही. पण सहली काढून आपण श्रवणबेळगोळला जातो आणि कुडल घराजवळ असून बघत नाही, याचा राग येतो.

श्रवणबेळगोळचंही सांगतो, कारण विषय तोच आहे. गोमटेश्वराच्या पायाशी 'चामुंडरायानं करवलं' हे एकच वाक्य कन्नड, तमिळ आणि मराठीत कोरलंय, प्रत्येक आपापल्या लिपीत, मराठी नागरीत. येणारा यात्रेकरू कुठली लिपी वाचतो याचा विचार कोरणाऱ्यानं केला होता. हे फ्लेक्सवाल्याचंच काम, फक्त दगडात.

मी मोडी वाचतो. निवृत्तीनंतरचा नाद होता, पण २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली आणि एकदम मोडी वाचणाऱ्यांना भाव आला. लोक पेट्यांतले कागद घेऊन येतात. पणजोबाच्या हातचा कागद, भाषा मराठी, आणि पणतवाला एक अक्षर लागत नाही. मोडीत आधी पानभर आडवी रेघ मारून घेतात, मग अक्षरं तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता लिहीत जातात. शब्द तोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ बहुधा पाळत नाहीत. त्यामुळे 'दिन' की 'दीन' हे आगेमागे वाचून ठरवायचं. हेमाडपंतानं ती आणली ही आख्यायिका, मी तिच्यावर पैज लावणार नाही. कारकुनाला भराभर लिहायचं असेल तर अक्षरं आपोआप मोडतातच.

मोडी मेली ती छापखान्यानं. एकमेकांत गुंतलेल्या अक्षरांचे खिळे पाडायचे म्हणजे कटकट. बाळबोधीचे खिळे सोपे. सरकारी वापर आणि शाळा सुटल्यावर एका पिढीत कागद मुके झाले.

रोखठोक

सगळं छान, पण एवढा उपद्व्याप कशाला? एकच लिपी ठेवा की सगळ्यांना. अर्धा महाराष्ट्र व्हॉट्सॅपवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितोच. तुर्कस्ताननं १९२८ मध्ये अरबी लिपी टाकून रोमन घेतली, काय बिघडलं? आपण आपले चार-चार पाट्या रंगवत बसा.

मी_नाही_त्यातली

आला बे आला. पॉपकॉर्न संपायच्या आत आला.

तलकट्टू

रोखठोक, रोमनमध्ये 'गोल' आणि 'गोळ' वेगळं लिहून दाखवा. मग 'पान' आणि 'पाण'. मग 'ताट'. मी थांबते.

बोरू

रोखठोक, तुर्कस्तानचं उदाहरण चांगलं आहे, पण पुरतं सांगा. तुर्की भाषेला आठ स्वर, आणि अरबी लिपी स्वरांच्या बाबतीत हात आखडता घेणारी. म्हणजे अंगरखा मापाचा नव्हता. नव्या लिपीत २९ अक्षरं, जसं बोलतात तसं लिहितात, साक्षरतेला फायदा झाला. पण नातवाला आजोबाची पत्रं, थडग्यावरचे लेख, जुने दस्त वाचायला तज्ज्ञ लागतो. आमच्याकडे मोडीचे कागद घेऊन येणाऱ्यांची रांग आहे तशीच. तो खर्च कुणी धरत नाही.

रोखठोक

बरं, ळ-चा मुद्दा मान्य. पण मग ब्राह्मीतून निघालेल्या लिप्या तरी एक करा. सांगाडा एकच आहे म्हणता ना?

फ्लेक्सवाला (धागाकर्ता)

सांगाडा एकच आहे हे कीबोर्डवर दिसतं, ते मी सांगतो, कारण दिवसभर तोच बडवतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर क-ची कळ देवनागरीत जिथे, तिथेच तेलुगूत, तिथेच कन्नडमध्ये. भाषा बदलली तरी बोटं तीच. युनिकोडमध्येही तसंच. देवनागरीचा क ०९१५ वर, तेलुगूचा ०सी१५ वर, कन्नडचा ०सी९५ वर. प्रत्येक लिपीला १२८ घरांची चाळ दिली आहे आणि शून्यापासून मोजलं तर क-चं घर तिन्हीकडे २१वं. म्हणून लिप्यंतराची साइट नुसती बेरीज करून काम भागवते. अक्कांनी सांगितल्यावर कळलं की घोटाळा पण तिथेच आहे.

तलकट्टू

घोटाळे आणखी दोन आहेत, लिहून ठेवा. एक, तेलुगू-कन्नडला ए दोन, ऱ्हस्व आणि दीर्घ. ओ पण दोन. मराठीला एकेकच. मराठीचा ए बेरजेनं नेला की तो दीर्घच होतो. तेलुगू वाचणाऱ्याला ते खटकतं.

दुसरं, च. मराठीत 'चार'चा च वेगळा, 'चमचा'चा वेगळा, अक्षर मात्र एक. तेलुगूतही हे दोन्ही उच्चार आहेत, आणि जुन्या तेलुगूत दंततालव्य च आणि ज साठी वेगळी अक्षरंही होती. आता बहुतेक कुणी वापरत नाही. म्हणजे वळण थोडं वेगळं असतं तर आपल्या दोघांचीही सोय झाली असती.

अक्कलकोटकर

आणि जोडाक्षरं! ती सांगितली नाहीत तर हा माणूस कन्नड बॅनरवर आडवा होईल. देवनागरीत पहिलं अक्षर अर्धं होतं. कन्नड-तेलुगूत पहिलं पूर्ण दिमाखात उभं राहतं आणि दुसरं त्याच्या पायाशी छोटं होऊन लटकतं. कन्नडमध्ये आपल्या गावाला 'सोल्लापुर' लिहितात, तिथे ल-च्या खाली छोटा ल बघा. तो काना मात्र वरच्याला लागतो. अनुस्वारही डोक्यावर टिंब नाही, अक्षराच्या उजवीकडे चांगला वाटोळा गोल. नवशिक्या त्याला शून्य समजतो. ओळीतली जागा कमी ठेवली की खालची लटकणारी अक्षरं कापली जातात, फ्लेक्सवर हे हमखास दिसतं. ओळींमधलं अंतर मराठीपेक्षा जास्त ठेवा.

रोखठोकना: सोन्नलिगेच्या, म्हणजे जुन्या सोलापूरच्या, सिद्धरामेश्वरांची बाराव्या शतकातली वचनं कन्नडमध्ये आहेत. गड्ड्याच्या यात्रेला सगळं गाव ज्यांच्या पाया पडतं त्यांची लिपी 'उपद्व्याप' कशी?

शंकासुर

या लिप्या एवढ्या वाटोळ्या का? आमची देवनागरी कशी ताठ.

बोरू

ताडपत्र. दक्षिणेत लोखंडी कंट्यानं, म्हणजे टोकदार लेखणीनं, पानावर कोरायचे आणि वरून काजळी चोळायचे. पानाच्या शिरा आडव्या जातात, शिरेच्या दिशेनं सरळ रेघ ओढली की पान फाटतं. म्हणून रेघा वळल्या, असं बहुतेक अभ्यासक सांगतात. ओडियात तर शिरोरेघाच वाकून अक्षरावर छत्रीसारखी बसली. उत्तरेत भूर्जपत्र आणि कागदावर शाईनं लिहायचे, तिथे रेघ ओढायला मोकळीक.

नस्तालीक

सगळे ब्राह्मीच्या घरात रमलेत, विजापूर वेशीकडे कुणी फिरकेना. फ्लेक्सवाला भाई, तुमचं खरं अवघड काम उर्दूचं आहे. इथे सांगाडाच वेगळा. उजवीकडून डावीकडे, आणि ऱ्हस्व स्वर सहसा लिहायचेच नाहीत. ज्याला शब्द माहीत आहे तोच तो नीट वाचणार. त्यामुळे 'भाषा न शिकता लिपी' हे तुमचं गणित तेलुगू-कन्नडला बसेल, उर्दूला तितकंसं बसणार नाही. तुम्हाला दखनी येते हे मात्र भांडवल मोठं आहे.

अक्षराचं रूप सुरुवातीला वेगळं, मध्ये वेगळं, शेवटी वेगळं. अलिफ, दाल, रे, वाव अशी काही अक्षरं पुढच्याचा हात धरतच नाहीत. शिवाय 'ज़'ला चार अक्षरं: ज़ाल, ज़े, ज़ाद, ज़ोए. उच्चार आपल्याकडे एकच, पण अरबी शब्दाचं मूळ अक्षर सोडायचं नाही. ज़ोहराचं पोस्टर आणि ज़ाकिरचं पोस्टर, दोघांची पहिली अक्षरं वेगळी. तिथे चुकलात तर गिऱ्हाईक नाराज होणारच.

आणि नस्तालीकची, म्हणजे उर्दूच्या नेहमीच्या लेखनशैलीची, तिरकी चाल. शब्द उजवीकडून वरून खाली उतरत येतो. खिळ्यांना ते जमेना, म्हणून उर्दू पेपर कितीतरी वर्षं कातिब हातानं लिहायचे आणि त्याची छपाई व्हायची. १९८१ मध्ये नूरी नस्तालीक आला तो हजारो जोडरूपं एकेक लिहून संगणकात भरल्यावर. चेन्नईचा 'मुसलमान' हा १९२७ पासूनचा पेपर हातानं लिहिण्यासाठीच नावाजला. तुमच्या दुकानात उर्दू मजकूर साध्या अरबी फॉन्टमध्ये टाकून देत असाल तर वाचता येतो, पण बुजुर्ग तोंड वाकडं करतात. नस्तालीकचाच फॉन्ट टाका. आणि सॉफ्टवेअर जुनं असेल तर अक्षरं सुटी होऊन उलट्या क्रमानं पडतात, ते छापायच्या आधी दाखवत चला.

के_ड्रामा_वेडी

मी मध्ये घुसते, कारण मला एकही शेजारची लिपी येत नाही पण कोरियन वाचता येतं (हसू नका). राजा सेजोंगनं १४४३ मध्ये हांगुल तयार केली, १४४६ मध्ये जाहीर केली. त्याआधी चिनी अक्षरांत लिहायचे, म्हणजे शिकलेल्यांपुरतंच. चे मान्री नावाच्या विद्वानानं १४४४ मध्ये राजाला लेखी विरोध केला, की चिनी सोडणं म्हणजे रानटीपणा. दरबारातल्या विद्वानांची तक्रार जगभर सारखीच दिसते.

मजा अशी की व्यंजनांचे आकार तोंडावरून काढलेत. ग म्हणताना जिभेचं मूळ वर जातं, तोच कोन अक्षरात. म साठी मिटल्या तोंडाचा चौकोन. आणि ग-मध्ये एक रेघ वाढवली की महाप्राण ख. आपण क-ख-ग-घ कंठातून ओठांपर्यंत ओळीनं लावले, पण आकार त्यावरून काढले नाहीत. त्यांनी आकारच काढले. आज २४ मूळ अक्षरं. खरं तर आपली वर्णमाला पाठ असणाऱ्याला ती फारच पटकन येते. जपानी काना तक्त्याचा क्रमही संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातूनच आला आहे, बौद्ध भिक्षूंमार्फत.

शंकासुर

मग चिनी लोक मोबाइलवर टाइप कसं करतात? हजारो अक्षरांचा कीबोर्ड?

के_ड्रामा_वेडी

बहुतेक जण रोमनमध्ये उच्चार टाइप करतात, त्याला पिनयिन म्हणतात, १९५८ पासून अधिकृत. खाली त्या उच्चाराची अक्षरं येतात, त्यातलं हवं ते निवडायचं. १७१६च्या कांगशी कोशात ४७ हजारांवर अक्षरं आहेत, पण पेपर वाचायला तीनेक हजार पुरतात.

रोखठोक

म्हणजे रोमन लागलीच ना शेवटी!

मी_नाही_त्यातली

शिडी लागली म्हणून कुणी शिडीवर संसार करत नाही, रोखठोक.

फ्लेक्सवाला (धागाकर्ता)

ठरलं. आधी तेलुगू, कारण कामं तिची जास्त आणि अक्का हाताशी. मग कन्नड. उर्दूची प्रूफं नस्तालीकभाईंकडे पाठवीन, चहा माझ्याकडे. बोरूकाका, मोडीत नाव लिहून द्यायची मागणी पण येते हल्ली, लग्नपत्रिकेवर. फॉन्ट चालतात का?

बोरू

मोडी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली, त्यामुळे फॉन्ट मिळतात. पण छापील मोडीत अक्षरं सुटी सुटी उभी राहतात, हाताची झोकदार चाल येत नाही. पत्रिकेवर एक-दोन नावंच असतील तर कुणा जाणकाराकडून बोरूनं लिहून घ्या आणि स्कॅन करा. आणि नवऱ्यामुलाला आधीच सांगा की त्यात ऱ्हस्व-दीर्घ दिसणार नाही, नाहीतर मांडवात भांडण.

शंकासुर

शेवटची शंका. आकडे? पाटीवर फोन नंबर असतो, तो कुठल्या आकड्यांत टाकायचा?

अक्कलकोटकर

फोन नंबर इंग्रजीतच, सगळीकडे. तेलुगूचे स्वतःचे आकडे आता रोजच्या वापरातून जवळपास गेलेत. कन्नडचे मात्र जिवंत आहेत, पत्रिकेवर तारीख त्यातच मागणारे बरेच. दोन, तीन, चार आपल्यासारखेच दिसतात. सहाच्या पुढे अंदाजानं जाऊ नका, तक्ता समोर ठेवा. आणि मराठी पाटीचं विसरू नका. २०२२च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या नावाची देवनागरी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत, बाकीच्या तिन्ही लिप्या तेवढ्याच मापात बसवायच्या तर फ्लेक्सचा साइझ आत्ताच वाढवून सांगा गिऱ्हाईकाला.